अँटिक किती वर्षांचे, व्हिंटेज कोणत्या सालचे?

जुन्या वस्तूंच्या बाजारात दोन इंग्रजी शब्द इतक्या सैलपणे फिरतात की विकणाऱ्याला जो आधी सुचेल तो वस्तूला चिकटतो. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन ‘अँटिक’ असतो आणि त्याच्या शेजारी मांडलेले एचएमटीचे मनगटी घड्याळही ‘अँटिक’च असते. सराफाच्या पेढीवर गेल्या महिन्यात घडवलेला हार ‘अँटिक’ म्हणून समोर येतो. दुसरीकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे डेनिमचे जाकीट ‘व्हिंटेज’, पणजीची नथ ‘व्हिंटेज’, आणि परवा छापून मुद्दाम पिवळट केलेले सिनेमाचे पोस्टरही ‘व्हिंटेज’. फरक विचारला तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: अँटिक म्हणजे फार जुने, व्हिंटेज म्हणजे त्याहून जरा अलीकडचे. जुनेपणाची एकच पट्टी आहे आणि तिच्यावर हे दोन शब्द वर-खाली बसतात, असा हा समज. तो अर्धाच बरोबर आहे, आणि चुकीचा अर्धा भाग खिशाला महाग पडतो. क्वचित तो कायद्याच्या कचाट्यातही नेऊन सोडतो. खरे पाहता हे दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. अँटिक म्हटले की वस्तूचे आजचे वय सांगितले जाते. व्हिंटेज म्हटले की ती कोणत्या साली किंवा कोणत्या काळात घडली ते सांगितले जाते. एकाला वयाचा आकडा सिद्ध करावा लागतो, दुसऱ्याला घडणीचे साल. तेव्हा शब्द कानावर पडला की त्याच्याकडे त्याचा पुरावा मागायचा, एवढी सवय लावून घेतली तरी या बाजारातली निम्मी फसवणूक टळते.

आधी व्हिंटेज घेऊ, कारण जास्त घोळ त्याच्याच बाबतीत आहे. हा शब्द मूळचा द्राक्षमळ्यातला. वाइनच्या व्यवहारात व्हिंटेज म्हणजे ज्या हंगामात द्राक्षे तोडली ते साल. एखाद्या वर्षी पाऊस-उन्हाचा मेळ जमून पीक उत्तम आले की त्या सालच्या बाटलीला मान मिळतो, पुढच्या वर्षीच्या बाटलीला कदाचित मिळत नाही. म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वाइनलाही व्हिंटेज असतेच. ती जुनी असण्याची अट मुळात नव्हती. अट होती ती साल ठाऊक असण्याची, आणि त्या सालाला स्वतःचे गुण असण्याची. हाच अर्थ पुढे मोटारींकडे गेला. इंग्लंडमध्ये १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब स्थापन झाला तेव्हा संस्थापकांना ज्या गाड्या जपायच्या होत्या त्या जेमतेम चार-पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या होत्या. पहिल्या महायुद्धानंतर १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांची घडण नंतरच्या स्वस्त, घाऊक गाड्यांपेक्षा सरस होती, असे त्यांचे मत होते. तिथले मोटारशौकीन आजही व्हिंटेज कार म्हणताना १९१९ ते १९३० एवढाच काळ धरतात. १९०५च्या आधीच्या गाड्यांना तिथे व्हेटरन म्हणतात. ही हद्द दरवर्षी पुढे सरकत नाही. १९३५ची गाडी आणखी शंभर वर्षे जगली तरी त्या क्लबच्या लेखी ती व्हिंटेज होणार नाही.

अँटिकची हद्द मात्र सरकती आहे: घडून शंभर वर्षे झाली की वस्तू अँटिक. शंभर वर्षांची ही अट अभिजात सौंदर्यशास्त्रातून आलेली नाही; ती जकातीच्या कायद्यातून आली. अमेरिकेच्या १९३०च्या टॅरिफ कायद्याने १८३०पूर्वी बनलेल्या कलात्मक पुरावस्तूंना आयातकर माफ केला. तेव्हा बरोबर शंभर वर्षे मागे जाऊन ते साल धरले होते. पण साल स्थिर राहिले आणि वर्षे जात राहिली, तेव्हा १९६६मध्ये अमेरिकेने ‘१८३०पूर्वी’ काढून त्या जागी ‘शंभर वर्षांहून जुनी’ अशी फिरती अट घातली. आज जगभरच्या सीमाशुल्क खात्यांची जी सामाईक वर्गवारी आहे तिच्यात ९७०६ हे कलम शंभर वर्षांहून अधिक वयाच्या वस्तूंचेच आहे, आणि २०२२पासून त्यातही अडीचशे वर्षांवरचा वेगळा पोटविभाग झाला आहे. याचा अर्थ अँटिकची यादी कधीच पुरी होत नाही. ज्या शैलीला पुढे आर्ट डेको हे नाव मिळाले तिचे मोठे प्रदर्शन पॅरिसला १९२५ साली भरले. तेव्हा घडलेल्या वस्तू आता कुठे शंभरीत शिरल्या आहेत. मुंबईत ही लाट आली ती मुख्यतः १९३० नंतर. मरीन ड्राइव्हच्या आणि माटुंग्याच्या जुन्या घरांतली गोलाकार कडांची कपाटे, ड्रेसिंग टेबले आज नेमकी उंबरठ्यावर उभी आहेत: आज व्हिंटेज, पाच-दहा वर्षांत अँटिक, आणि तेव्हाही व्हिंटेज, कारण त्यांचा काळ बदलणार नाही. एकच वस्तू एकाच वेळी दोन्ही असू शकते, हे पट्टीवाल्या समजुतीत बसतच नाही.

इथे कुणी म्हणेल, शंभर हा आकडाच मुळी मनाला येईल तसा धरलेला आहे. नव्याण्णव वर्षांच्या समईत आणि एकशे एक वर्षांच्या समईत काय फरक पडतो? घडणीत काहीच फरक नाही, हे मान्य. पण मतदानाला अठराव्या वर्षाची अट आहे म्हणून कुणी सतराव्या वर्षीची अक्कल मोजायला बसत नाही. व्यवहाराला कुठेतरी रेघ लागते, आणि ती सगळ्यांनी एकाच जागी ओढलेली असली म्हणजे झाले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. भाषा लोक वापरतात तशी घडते. सराफ काळपट, बिनचकाकीच्या सोन्याला अँटिक म्हणतात, गिऱ्हाइकालाही त्यात तेवढेच कळते, मग शब्दकोश घेऊन मधे उभे राहण्याचे कारण काय? घरात, गप्पांत, लग्नाच्या खरेदीत खरेच काही कारण नाही. ‘अँटिक फिनिश’ मागणाऱ्या बाईंना शंभर वर्षांचा हार नकोच असतो. तिथे पाहायचे ते एवढेच की हॉलमार्क आहे ना, आणि ‘अँटिक’ या शब्दाच्या नावाखाली घडणावळ किती वाढवली आहे. पण हाच सैल शब्द पावतीवर, विम्याच्या कागदावर, सीमाशुल्काच्या खिडकीपाशी किंवा वारसांच्या वाटणीत आला की त्याला दात फुटतात. भारतात तर विशेषच, कारण आपल्याकडे शंभर वर्षांच्या रेघेच्या पलीकडे एक वेगळाच कायदा उभा आहे.

तो कायदा म्हणजे १९७२चा पुरावस्तू व कलानिधी कायदा. तो ५ एप्रिल १९७६पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत फक्त लेण्यांतल्या मूर्ती किंवा राजवाड्यांतली शस्त्रे येतात असा बहुतेकांचा ग्रह असतो. प्रत्यक्षात व्याख्या फार रुंद आहे. नाणे, शिल्प, चित्र, शिलालेख, कोणतीही कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू. गतकाळातले शास्त्र, कला, धर्म, चालीरीती यांवर प्रकाश टाकणारी वस्तू. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू. आणि इमारतीपासून किंवा लेण्यापासून सुटी केलेली वस्तू. यांपैकी काहीही किमान शंभर वर्षे अस्तित्वात असेल तर ते पुरावस्तू ठरू शकते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबटाने ठोकून घडवलेले घंगाळ ही कारागिरीची वस्तू आहे. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक धर्म आणि चालीरीती दाखवतात. आणि पुण्यात, नाशकात, वाईत वाडे पाडले जातात तेव्हा सागवानी खांब, कोरीव चौकटी, महिरपी आणि गणेशपट्टी लावलेले दरवाजे ट्रकमध्ये भरून जातात, त्या तर शब्दशः इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तू. गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्यांचेही तेच. वाड्याचा मालक या सगळ्याला ‘जुने लाकूड’ म्हणतो, घेणारा त्याला ‘व्हिंटेज डोअर’ म्हणून कॅफेत लावतो, आणि त्याला अँटिक म्हणावे की नाही हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. खरे तर तोच आधी पडायला हवा.

कायदा घरात अशा वस्तू बाळगायला मना करत नाही, हे आधी स्पष्ट व्हावे. नाहीतर घाबरून लोक चांगल्या वस्तू मोडीत घालतात. मना आहे ती देशाबाहेर नेण्याला. खासगी व्यक्तीला पुरावस्तू निर्यात करता येत नाही, आणि केल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. देशात विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो; म्हणून ‘शंभर टक्के अस्सल अँटिक’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराला परवाना दाखवायला सांगणे हा तुमचा साधा हक्क आहे. बहुतेक वेळा तो हसून म्हणेल, अहो, एवढे जुने नाही हे. मग किंमतही तेवढी जुनी नको, असे म्हणायला तुम्ही मोकळे. शिल्पे, चित्रे, चित्रांकित हस्तलिखिते अशा काही ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची मालकाने नोंदणी करावी लागते आणि मालकी बदलली तर तेही कळवावे लागते. याच कायद्यात कलानिधी असा दुसरा वर्ग आहे, त्याला वयाची अट नाही: राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ दिवंगत चित्रकारांची कामे त्यात मोडतात आणि तीही बाहेर नेता येत नाहीत. हस्तिदंताची गोष्ट आणखी वेगळी. आजीची हस्तिदंती फणी सव्वाशे वर्षांची असली तरी अँटिक म्हणून तिचा सौदा करता येत नाही, कारण वन्यजीव कायद्याने हस्तिदंताचा व्यापारच बंद आहे. वय सिद्ध केले म्हणून तो खुला होत नाही.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा भाग सर्वांत जवळचा. आई-वडील गेल्यावर मुलगा किंवा मुलगी देव्हारा, टाक, समया, पितळी मूर्ती बॅगेत भरून न्यू जर्सीला किंवा लंडनला घेऊन जाते. भावना रास्त आहे, पण विमानतळावर अधिकाऱ्याला भावना तपासता येत नाही. त्याला वय तपासायचे असते. वस्तू जुनी दिसत असेल पण शंभरीच्या आतली असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाकडे फोटो आणि वस्तू दाखवून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घ्यावा. वस्तू पुरावस्तू आहे की नाही यावर वाद झाला तर निर्णय त्याच खात्याच्या महासंचालकांच्या हाती असतो, दुकानदाराच्या चिठ्ठीला किंमत नाही. नव्या मूर्तीवर रसायन लावून तिला काळपट-हिरवी झाक आणलेली असते, अशी मूर्ती घेतलीत तर पक्की पावती जपून ठेवा आणि तिच्यावर ‘नवीन, हस्तकला’ असे लिहून घ्या. जी वस्तू दुकानात अँटिक म्हणवून घेताना मिरवावीशी वाटली, तिला विमानतळावर नवी ठरवण्यासाठी धावपळ करणारे प्रवासी कमी नाहीत. आणि वस्तू खरोखरच शंभरीपार असेल तर ती इथेच एखाद्या भावंडाकडे राहू द्यावी, दुसरा मार्ग नाही.

व्हिंटेजलाही आपल्या कायद्यात एक जागा आहे, पण ती फक्त वाहनांपुरती. २०२१च्या मोटार वाहन नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि पुढच्या नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षे, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन किंवा पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तिच्यावरून रोज ऑफिसला जाता येणार नाही. म्हणून वडिलांच्या जुन्या स्कूटरला व्हिंटेज क्रमांक घेण्याच्या उत्साहात तिचे रोजचे फिरणे बंद होते, हे आधी लक्षात घ्यावे. बजाज चेतक १९७२ साली आली, त्यामुळे तिच्या पहिल्या गाड्या या पन्नाशीत बसतात. इंग्लंडच्या त्या क्लबच्या दारात मात्र तिला कुणी व्हिंटेज म्हणणार नाही. यात विसंगती नाही. व्हिंटेज हा शब्द नेहमी कुणाच्या तरी वहीतला असतो, आणि वही कुणाची हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. परदेशी विक्री-संकेतस्थळांपैकी एट्सीवर तर वीस वर्षांवरची कोणतीही वस्तू व्हिंटेज म्हणून मांडता येते. तिथून घेतलेला ‘व्हिंटेज’ कॅमेरा या शतकातलाही असू शकतो.

आता किमतीकडे, कारण बहुतेकांना शब्दांपेक्षा ती जास्त छळते. अँटिक म्हणजे महाग आणि व्हिंटेज म्हणजे त्या मानाने स्वस्त, हा ठोकताळा बाजारानेच खोटा पाडला आहे. चंडीगड वसताना १९५०च्या दशकात वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानी, वेताच्या बैठकीच्या साध्या खुर्च्या बनल्या. पुढे त्या निकामी सामान म्हणून लिलावात कवडीमोलाने गेल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. त्या अँटिक नाहीत, शंभरीच्या आत असल्यामुळे पुरावस्तू कायदाही त्यांना थोपवू शकला नाही. त्यांना भाव आला तो वयामुळे नव्हे. कोणी, कोणत्या शहरासाठी, कोणत्या साली घडवल्या हे नक्की सांगता येते म्हणून. खरा व्हिंटेज माल असतो तो असा. उलट एकोणिसाव्या शतकातली जर्मन किंवा अमेरिकन भिंतीवरची घड्याळे हजारोंच्या संख्येने आपल्याकडे आली. शंभरी ओलांडूनही, यंत्र बदललेले आणि पेटी रंगवलेली असेल तर त्यांना फारसे कुणी विचारत नाही. एचएमटीचे तर गमतीदार उदाहरण आहे. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत १९६१ साली कारखाना सुरू झाला, २०१६ साली घड्याळांचा कारभार आटोपला. म्हणजे कोणतेही एचएमटी घड्याळ २०६१पूर्वी अँटिक होणे शक्य नाही. ते व्हिंटेज मात्र नक्की असू शकते, पण तबकडी मूळची असेल तरच. मुंबईत जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून झगझगीत नमुने तयार करण्याचा मोठा धंदा आहे. अशा घड्याळाचे यंत्र जुने असते, काटे कुठले तरी असतात, रंग परवाचा असतो. ते हातात शोभते, पण ते कोणत्या सालचे या प्रश्नाला उत्तरच उरत नाही, आणि साल हरवले की व्हिंटेजही उरत नाही.

मग साल शोधायचे कसे? वस्तूच पुष्कळ बोलते, फक्त तिच्यावर छापलेला आकडा जसाच्या तसा मानायचा नाही. कोकणात, गोव्यात मंगळुरी कौलांवर बासेल मिशनच्या नावाखाली १८६५ हा आकडा दिसतो. कौल १८६५चे आहे असे समजून ते हल्ली दिवाणखान्यात टांगले जाते. तो आकडा कारखाना सुरू झाल्याचा आहे. कौल त्यानंतर कितीतरी वर्षांनी भाजलेले असू शकते. भांड्यांवर नाव घालण्याची आपली रीत याहून कामाची. तांब्यावर, परातीवर कोणाच्या लग्नात कोणी दिले ते नाव कोरलेले असते आणि कधी शके. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो (चैत्राआधीच्या महिन्यांत ७९), म्हणजे शके १८४५ म्हणजे १९२३-२४. तेही भांडे दिल्याचे साल, घडवल्याचे नव्हे, पण घडवणे त्याआधीचेच असणार, त्यामुळे वयाला निदान खालची हद्द मिळते. देशाचे नाव हाही चांगला साक्षीदार आहे. काचेच्या हंडीवर चेकोस्लोव्हाकिया लिहिले असेल तर ती १९१८च्या आधीची नाही, कारण तोवर तो देशच नव्हता. पश्चिम जर्मनी असेल तर १९४९ नंतरची. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४५ ते १९५२ या सात वर्षांतलीच. अमेरिकेने १८९०च्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, म्हणून अनेकांना वाटते की देशाचे नाव नसलेली वस्तू त्याआधीची. भारतात आलेल्या मालाला तो कायदा लागू नव्हता, तेव्हा हा तर्क आपल्याकडे लंगडाच पडतो. आपल्या स्वतःच्या खुणा अधिक भरवशाच्या. जाहिरातीच्या इनॅमल पाटीवर पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. किंमत आण्यांत असेल तर साधारण १९५७पूर्वीची, ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४मधली. वजनांवर शेर आहे की किलो, हेही असेच पाहावे.

बनावट ओळखायला तेवढेच साधे डोळे पुरतात. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचे. ‘१९१० सालच्या’ पेटीत सगळे स्क्रू तसले असतील तर दुरुस्ती झाली आहे किंवा पेटीच नवी आहे. बेकेलाइट १९०७मध्ये शोधले गेले, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या वस्तूवर बेकेलाइटचे बटण शोभत नाही. चोर बाजारातले पितळी कर्ण्याचे, अष्टकोनी पेटीचे ग्रामोफोन बहुतांशी अलीकडेच बनतात. जुन्या साध्या यंत्राचे तुकडे आत, चकचकीत कर्णा बाहेर, आणि वर कुत्र्याचे चित्र. ते शोभेची वस्तू म्हणून घेण्यात काही गैर नाही, शोभेच्या भावात घ्यावेत. नाण्यांत सर्वांत मोठी टोळी ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची: रामदरबार किंवा हनुमान असलेली, १८१८ सालाची, एक आण्याची म्हणून विकली जाणारी नाणी. कंपनीने अशी नाणी चलनात कधी काढलीच नाहीत. ती नंतरची कल्पनारम्य पदके आहेत. जुनी नाणी-नोटा लाखांना घेतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांबद्दल बँकेने स्वतः २०२१ साली सावध केले आहे. आणि पाया खणताना नाण्यांचा हंडा मिळाला, तर अँटिक-व्हिंटेजचा विचार बाजूला ठेवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे.

विकत घेताना पावतीवर ‘अँटिक’ हा शब्द लिहून घेण्यात अर्थ नाही. वस्तू काय, कशाची, अंदाजे कोणत्या काळातली, कोणता भाग बदललेला आहे, आणि वय चुकीचे निघाल्यास परत घेणार का, एवढे लिहून घ्या. जो हे लिहायला कां-कूं करतो त्याला वस्तूचे वय ठाऊक नाही, किंवा फार चांगले ठाऊक आहे. विकताना उलट. भंगारवाला तांबे किलोच्या भावाने मागतो तेव्हा आधी नाव-शके वाचा, फोटो काढा, आणि काहीही घासूनपुसून ठेवू नका. चिंचेने लख्ख केलेली समई घरात छान दिसते, पण शंभर वर्षांचा थर आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा एकदा गेल्या की वय सांगणारा साक्षीदारच जातो. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री, कुलुपे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवून संग्रहालय उभे केले. ते पाहिले की साध्या वस्तूंकडे कसे बघायचे हे कळते, आणि अडकित्ता विकायचा की ठेवायचा याचा विचार निदान दोनदा होतो.

कागदपत्रांसाठी मात्र शंभरची रेघ विसरायला हवी. १९७२च्या पुरावस्तू कायद्यातच हस्तलिखिते, दप्तरे आणि शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यमूल्य असलेले दस्तऐवज यांना पंचाहत्तर वर्षे पुरतात. म्हणजे १९४०च्या दशकातली आजोबांची खुर्ची अजून फक्त जुनी खुर्ची असते, पण त्याच काळातला संस्थानाचा पत्रव्यवहार, चळवळीतली टिपणवही किंवा गावच्या वतनाचे मोडी कागद पुरावस्तू ठरू शकतात. घर आवरताना सर्वांत आधी रद्दीत जातात ते हेच, कारण मोडी कुणाला वाचता येत नाही. ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या सुती कापडात बांधा, आणि काय आहे ते कळत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१०पासून असेच कागद जमवणाऱ्या संस्थेला किंवा जवळच्या मोडी वाचकाला आधी दाखवा. बस्ता ज्या कापडात, ज्या क्रमाने बांधलेला सापडला तसाच घेऊन जा. कोणता कागद कोणाबरोबर होता यावरूनही वाचणाऱ्याला साल काढता येते.